सावडीचं पाणी

(सर्जेराव दोह्यात शाळेची बस चालवतात. अल हिलालमधल्या आमच्या घरी, एका शुक्रवारी दुपारी बसून त्यांनी हे सांगितलं. मी उतरवून घेतलं, त्यांच्याच बोलीत.)

आमची वाडी माणदेशाच्या अंगाला, ताई. पाऊस आला तर आला, न्हाईतर नुसतं ढगाकडं बगत बसायचं, असली जागा. एका माळावर सात वाड्या हायत, ह्या वाडीतनं हाक मारली तर त्या वाडीत ऐकू जाती. वाडीचं नाव न्हाई सांगत, कशापायी ते पुढं कळंल तुमास्नी. बाप शेतकरी, आजा शेतकरी, मी मातूर ड्रायव्हर. आठवी नापास. पैलं ट्रकवर व्हतो, मंग दुधाच्या गाडीवर, मंग हितं आलो तर हितलाच झालो. तुमच्या पोराला रोज सकाळी उचलतो, दुपारी सोडतो, त्यो मला गुड मॉर्निंग अंकल म्हनतो, मी त्याला राम राम म्हनतो, आमचं झ्याक चाललंय. पन परवा तुमी मला पार्किंगमदी फोनवर आरडताना बगितलंत आन् इचारलंत, सर्जेराव, येवढा राग कुनावर? तर आता सांगतो. राग कुनावर ते सगळं ऐकून तुमीच ठरवा. मला तर आता माझ्यासकट सगळ्यांवर राग येतो.

पैलं सावड म्हंजे काय ते सांगतो, तुमी पुन्याच्या, तुमास्नी ठावं नसंल. माझ्याकडं एक बैल, तुमच्याकडं एक बैल, दोन्ही मिळून जोडी झाली. आज माझं रान नांगरायचं, उद्या तुमचं. ही सावड. लई जुनी गोष्ट, कुनी काडली कुनाला ठावं न्हाई. पन आमच्या सात वाड्यांची सावड निराळी. माझ्या आज्याचा चुलतभाऊ व्हता, बाळा तात्या म्हनायचे, अंगठेबहाद्दर मानूस. त्याच्या काळात बुळकांडी आली, जनावरांचा रोग, सकाळी बैल वैरन खातोय आन् दोन दिसांनी पाय ताठ करून पडलाय. निम्म्या माळाच्या दावनी रिकाम्या झाल्या. तात्याचा एकच बैल राह्यला. तर ह्या बाबानं काय करावं, सात वाड्यांतली मानसं देवळाम्होरं गोळा केली आन् म्हनला, नुसती औताची सावड पुरत न्हाई, आता मरनाची सावड करू. ज्याचा बैल मरंल त्याचं रान समद्यांनी मिळून नांगरायचं, आन् पुढल्या बाजाराला समद्यांनी मिळून त्याला बैल घ्यायचा. कुनी धान्य देईल, कुनी कडबा देईल, कुनी आंगमेहनत देईल, पन कुनी मोकळा सुटनार न्हाई. काय सांगू तुमास्नी, इमा कंपनी म्हंजे काय ते ठावं नसलेल्या मानसानं इमा काडला.

मानसं म्हनली, तात्या, बैल खरंच रोगानं मेला का इकला का उपाशी मारला, कसं कळनार? तात्या म्हनला, दोघं जनं जातील, दोन निराळ्या वाड्यांतले, डोळ्यांनी बगून येतील, आन् त्यांचा शबूद शेवटचा. झालं, ठरलं. आन् पैलाच बैल कुनाचा मेला? लखूचा. लखू मांगवाड्यातला. तवा तसंच म्हनायचे ताई, आता नाव बदललंय, पाटी बदललीय. लखूकडं एकच बैल, त्यो गेला. दोघं बगाय गेले, आमच्याच भावकीतले. बैल बगितला, तोंड बगितलं, खूर बगितले, रोगानंच मेलता, शंका घ्यायला जागा न्हवती. लखूच्या बायकूनं लोटक्यात पानी आनलं. हे दोघं इकडं तिकडं बगत उभं. न्हाई घेतलं. माघारी आले आन् म्हनले, सांगू नंतर. आठ दिस झाले, पंधरा दिस झाले, लखूचा निकाल लागंना. पेरनीचे दिस चालले. कुनी न्हाई म्हनत न्हाई आन् कुनी हो म्हनत न्हाई.

तात्याला कळलं, तसा त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा राग आमच्या रक्तातच हाय बगा, मला म्हनू नका. तसाच उठून मांगवाड्यात गेला, लखूच्या उंबऱ्यात बसला, वयनी पानी आन म्हनला, आन् सगळ्यांच्या देखत घटाघटा प्याला. मंग देवळाम्होरं येऊन म्हनला, त्याचा बैल तुमच्या बैलाबरुबर औताला चालतो आन् त्याच्या घरचं पानी चालत न्हाई व्हय रे? आजपास्नं नेम असा. जे दोघं बगाय जातील त्यांनी आधी सगळं बगायचं, पटलं तर त्या घरचं पानी प्यायचं. पानी प्यालं म्हंजे मंजूर. दोघांनी प्यालं की सावडीनं घर धरलं. मंग कागुद नगं, साक्ष नगं, आन् प्यालेलं पानी माघारी घेता येत न्हाई. ज्याला कुनाच्या घरचं पानी चालत नसंल त्यानं आत्ताच उठून जावं. चार घरं उठून गेली, ताई. चार घरं. बाकीची राह्यली. दुसऱ्या दिशी लखूच्या रानात सात वाड्यांतली औतं उभी व्हती.

म्हनून आमच्याकडं आजबी बोलायची पद्दत हाय, त्याचं पानी झालं का? म्हंजे मंजूर झालं का. मी ल्हान आसताना बापाबरुबर असल्या बगन्याला गेलोय. म्हातारा उनातानाचा चालत जायचा, घसा वाळून कोरडा ठाक झालेला, पन त्या घरात पाय ठेवला की सगळं बगून हुईपतुर पान्याकडं बगायचा न्हाई. पटलं न्हाई तर तसाच तान्हेला उठून यायचा. लबाडाच्या घरनं आमची मानसं तान्हेली आलीत, पन पानी न्हाई प्याली.

पुढं बैलांवरनं सावड इंजनांवर आली, हिरीवर आली, मंग मानसांवर आली. कुनी हिरीत दरड कोसळून गेला, कुनाचा हात मळनी यंत्रात गेला, तर त्याचं घर सावड धरायची. धरायची म्हंजे कसं, पोरं हाताशी येईस्तवर सोडायचं न्हाई. मधी तालुक्याला एक इमा कंपनी आलती, जनावरांच्या कानात बिल्ला मारायची. म्हशी मेल्या की म्हनायची, बिल्ला कुटं हाय? बिल्ला न्हाई तर पैसं न्हाई. आमची मानसं लई हसायची. म्हनायची, आमची सावड कान बगत न्हाई, मानूस बगती. तवा हसलो. आता तेच आमच्या गळ्यात आलंय.

मंग पोरं आखाताला निगाली. पैलं दोन गेले, मंग चार, मंग दर घरटी एक. कुनी पाईप फिटर, कुनी गवंडी, कुनी माझ्यासारका चाकावर. मी आलो तवा मुशैरिबमदी जुनी घरं पाडत व्हते, तितली माती म्या टिपरनं वाहिलीय, आज तितं काचंचं दुकान हाय आन् मी बाहिरनं बगतो. आमची सगळी बिनबायकूची मानसं, कंपनीच्या खोलीत आठ आठ जनं, एकावर एक पलंग. शुक्रवारी एका खोलीत जमायचो, मटन शिजवायचो आन् सावड बसवायचो. हितं बैल न्हवते, पन मरन व्हतंच की. आमच्या पैल्या मानसाचं हार्ट बंद पडलं तवा दोघं जनं त्याच्या खोलीवर गेले, त्याच्या पलंगाखालच्या बाटलीतलं पानी प्याले, आन् खलास, घर धरलं. त्याची ल्हानी पोरगी आज नर्स हाय. कागुद न्हाई, अर्ज न्हाई, सही न्हाई.

गावाकडं बैल संपले, ट्रॅक्टर आले, म्हातारे गेले. तितली सावड बसनं बंद झालं. गावाकडची मानसं म्हनायला लागली, आता सावड दोह्यात हाय. आमाला तवा त्याचा लई गर्व वाटायचा. आता इचार करतो तर वाटतं, मूळ तितं वाळलं आन् आमी हितं फांदी घेऊन नाचत व्हतो.

आता प्रसाद साहेबांचं सांगतो. तुमी वळखत असाल, वळखत असाल तरी मला नाव इचारू नका, हे नाव मी निराळंच घेतलंय. गॅसच्या कंपनीत इंजिनेर, बिन महमूदला राहत्यात, मंडळाच्या गनपतीत वळख झाली. मानूस वाईट न्हाई. हे मी आदी सांगतो, म्हंजे पुढं शिव्या दिल्या तर तुमास्नी कळंल की इचार करून देतोय. आमच्या सावडीचं ऐकून त्या मानसाच्या डोळ्यात पानी आलं व्हतं. म्हनले, सर्जेराव, ही तर म्युच्युअल इन्शुरन्स झाली, तुमच्या तात्यांचा पुतळा पायजे. मंग म्हनले, पन हे असं तोंडी किती दिवस चालनार? तुमी दोनशे जनं झालात, उद्या कुनी फसवलं तर? सिस्टीम पायजे. आमाला बी वाटलं, खरंय. शिकला सवरला मानूस फुकटात आपला येळ देतोय. त्यांनी आनखी तीन साहेब लोक आनले, फॉर्म केला, मोबाईलवर ॲप केलं, नियम छापले. मीटिंग त्यांच्या फ्लॅटवर, एसी, सोफा, वयनी चहा द्यायच्या. आमी चपला बाहिर काडून खाली बसायचो. ते म्हनायचे, वर बसा, वर बसा. पन चार खुर्च्या आन् आमी ईस मानसं, कोन कसा वर बसनार?

कमिटीत सहा जनं, चार साहेब आन् दोन आमच्यातले. त्या दोघांतला एक मी. फॉर्म भरून घ्यायचं काम माझं, कारन साहेबांना खोल्यांवर जायला येळ न्हाई. आन् भीमाचा फॉर्म म्याच भरला, ताई. ह्या हातानं.

भीमा म्हंजे लखूचा नातू. त्याच लखूचा. पाईप फिटर, हाताला लई कसब, गड्याचं वेल्डिंग बगावं तर सुईनं टाका घातल्यावानी. माझ्यापेक्षा ल्हान, मला दादा म्हनायचा. फॉर्ममदी इचारलं व्हतं, पूर्वीचा काही आजार? भीमा म्हनला, दादा, गावाकडं एकदा डॉक्टरनं बीपीची गोळी दिलती, म्हैनाभर खाल्ली, मंग सोडली, ते लिवायचं का? म्या म्हनलं, लिवायचं की, सावडीत लपवायचं न्हाई. लिवलं. खरं लिवलं! खोटं लिवलं असतं तर आज... जाऊ दे.

दोन उन्हाळं भीमा उघड्या साईटवर व्हता. तुमास्नी हितलं ऊन एसीतनं दिसतं, रागवू नका. दुपारी काम बंद ठेवायचा कायदा हाय, बराबर हाय, पन त्यांचा फोरमन सकाळी तेवढंच उरकून घ्यायचा, पानी प्यायला खाली उतरू द्यायचा न्हाई, वरच टांगून ठेवायचा. कंपनीचं नाव घेऊन मला काय करायचंय. भीमाचे पाय सुजाय लागले, तोंड सुजाय लागलं. दवाखान्यात नेला तर दोन्ही किडन्या गेलेल्या. कंपनी म्हनली, आमचा काय संबंध, घरी जा. एक कागुद पुढं केला, अरबी आन् इंग्रजी, माझी काही तक्रार न्हाई, माझं काही येनं न्हाई. त्याच्या खोलीतला एक केरळी पोरगा हुशार, त्यो म्हनला, भीमाभाई, साईन मत करना, डॉक्टर का पेपर लेके लेबर ऑफिस चलते हैं, संडे को. आन् भीमा तयार झालता. सही करनार न्हाई म्हनला. इथं ध्यान द्या ताई. तयार झालता.

शुक्रवारी मी आन् प्रसाद साहेब त्याला बगाय गेलो. कमिटीचे दोघं, रीतच हाय. म्या साहेबांना गाडीत सगळं सांगितलं व्हतं, तात्याचं, लखूचं, पान्याचं. ते म्हनले, ग्रेट, ग्रेट. खोलीवर गेलो. आठ पलंग, एकच खिडकी, भीमा खालच्या पलंगावर. आमाला बगून उठला. त्याला पानी मोजून प्यायला सांगितलेलं, किडनीचा मानूस, स्वताला घोट घोट पुरवायचा. त्या मानसानं फिल्टरच्या नळाचं दोन ग्लास भरून आमच्याम्होरं धरलं.

म्या सगळं बगितलं व्हतं. रिपोर्ट बगितले, पाय बगितले, दाबलं तर खड्डा पडत व्हता. मला पटलं. म्या ग्लास घेतला आन् प्यालो. प्रसाद साहेबांनी काय केलं? बॅगेतनं स्वताची बाटली काडली, झाकन फिरवलं, दोन घोट घेतलं आन् म्हनले, मी आनलंय, थँक्स. त्यांच्या मनात तसलं काई न्हवतं. पोट बिघडंल म्हनून. मला ठावं हाय, मी शपथ घेऊन सांगतो, त्यास्नी भीमाची जात बी ठावं न्हवती. पन भीमानं काय बगितलं? त्याच्या आज्याच्या उंबऱ्यात दोघं उभं राह्यलेत आन् लोटकं तसंच हातात हाय, हे त्यानं बगितलं. त्याचं तोंड मी बगितलं ताई. आन् मला ते सोसलं न्हाई.

तर म्या काय केलं? साहेबांचा ग्लास म्या उचलला. म्हनलं, भीमा, साहेबांचं मनावर घेऊ नगं, त्यांची बाटलीची सवय हाय, त्यांच्या नावाचंबी मीच पितो. आन् प्यालो. दुसऱ्याच्या नावचं पानी प्यालो. बापानं अख्ख्या जल्मात केलं न्हाई ते म्या केलं. भीमा रडला. माझे हात धरले, म्हनला, दादा, झालं, पानी झालं, आता मला काय नगं. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. छाती फुगवून खाली उतरलो मी, गाढव.

दुसऱ्या दिशी, शनवारी, भीमानं कंपनीचा कागुद सही करून टाकला. त्या केरळी पोरानं डोकं आपटलं, अरे संडे तक तो रुक. भीमा त्याला म्हनला, हमारा पानी हो गया, अब झगडा किसलिए. घर धरलंय म्हटल्यावर परक्या मुलखात कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या, लेकराबाळांत जाऊन पडू. सोमवारी इमानात बसला. इमानतळावरनं आदी बायकूला, सुनंदाला, मंग मला फोन केला, म्हनला, दादा, सुनंदाला सांगितलंय, काळजी करू नगं, सर्जादादा पानी प्यालेत.

पंधरा दिसांनी मीटिंग. सोफा, एसी, चहा. प्रसाद साहेबांनी लॅपटॉप उघडला, म्हनले, भीमा यांची केस दुर्दैवी आहे, पण रुल नंबर अमुक, आधीपासूनचा आजार कव्हर होत नाही, त्यांनी स्वतःच फॉर्ममध्ये लिहिलंय. म्या म्हनलं, साहेब, त्याचं पानी झालंय. ते म्हनले, सर्जेराव, भावना समजतात, पण आज एकाला सूट दिली तर उद्या सगळे येतील. म्या म्हनलं, उद्या येतील म्हनूनच तर सावड हाय, न्हाईतर काय भेळ खायला बसवलीय व्हय? दुसरा एक साहेब म्हनला, आवाज खाली. आतल्या खोलीतनं एक पोर बाहिर आलं, म्हनलं, मम्मा, व्हाय इज अंकल शाऊटिंग? वयनी त्याला आत घेऊन गेल्या.

मंग प्रसाद साहेब जे बोलले ते ऐका. लई शांतपनी बोलले, समजावनीच्या सुरात. म्हनले, बरं, आपण तुमच्या जुन्या नियमानं बघू. तुमच्या नियमात दोघांनी पाणी प्यावं लागतं ना? मी तर प्यायलोच नाही. मग तुमच्या नियमानंसुद्धा मंजूर होत नाही.

ताई, तात्यानं जो नेम कुनाला तान्हेलं ठेवू नये म्हनून केला, त्यो नेम ह्यानं बाटलीतलं पानी पीत पीत माझ्याच नरड्यावर ठेवला. आन् खोटं बी न्हाई बोलला. दोघांनी प्यायचं असतं. एक प्याला व्हता. दुसऱ्याच्या नावचं पिता येत न्हाई हे मला बी ठावं व्हतं. मत घेतलं. चार हात वर. आमच्यातला जो दुसरा कमिटीत व्हता, त्यानं बी हात वर केला, आमच्याच वाडीचा! बाहिर चपला घालताना म्हनतो कसा, सर्जा, साहेबांनी माझ्या पोराला नोकरी लावली रे. म्या त्याला काय बोललो ते तुमच्या घरात बोलन्यासारकं न्हाई.

मी म्हनलं, मी आत्ताच्या आत्ता ह्याच्यातनं बाहिर. तर म्हनले, तुमची मर्जी, ॲपवर बटन हाय. बटन! चार घरं उठून गेलती तात्याच्या म्होरनं, ती देवळाम्होरनं चालत गेली, सगळ्यांनी बगितली. मी बटन दाबून गेलो. कुनाला कळलं बी न्हाई.

गावाकडं फोन केला. जुन्या मानसांपैकी जे हायत त्यास्नी सांगितलं, आरं, लखूच्या घराचं पानी मोडलं. त्यास्नी वाईट वाटलं. पन म्हनले, सर्जा, सावड आता दोह्यात हाय न्हवं? आमच्याकडं काय हाय? आन् खरंच हाय, काय हाय त्यांच्याकडं. दावनीला बैल न्हाई, घरात पोरगं न्हाई.

मंग आमी ड्रायव्हर मंडळींनी, बसवाले आन् टँकरवाले, अकरा जनांनी, आमच्या आमच्यात भीमाचं घर धरलं. प्रत्येकानं म्हैन्याला एक दिस भीमाचा. त्या दिशी मी बस चालवतो ती भीमासाठी. पन त्यातले तिघं गेले, एकाची नोकरी सुटली, दोघांना कंपनीनं घरी धाडलं. आठ राह्यलो. आठांनी दोनशेंचं ओझं किती दिस उचलावं? भीमाला आठवड्यातनं दोनदा एष्टीनं तालुक्याला न्यावं लागतं, मशीनवर रगत धुवायला. सुनंदा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती. थोरली पोरगी हुशार, बारावीची परीक्षा दिलीय, पुढं शिकायचं म्हनती. परवा पार्किंगमदी मी आरडत व्हतो ते त्यापायीच. हात वर करनाऱ्या त्याच आमच्या वाडीवाल्याचा फोन व्हता, म्हनतो, सर्जा, साहेब लोकांनी भीमासाठी ॲपवर मदतीचं आवाहन टाकलंय, फोटो बी टाकलाय, किती मोठं मन बग. फोटो! मशीनला जोडलेला भीमा, खाली अंगठ्याचं चित्र, ते दाबायचं. हक्काचं घर धरायचं न्हाई, आन् भीक घालायला फोटो लावायचा! म्हनून आरडलो. परत आरडंन.

तुमी म्हनाल, प्रसाद साहेबांवर राग. हाय. कंपनीवर हाय, फोरमनवर हाय, हात वर करनाऱ्यावर हाय. पन झोपायला पलंगावर पडलो की त्यातला कुनी समोर येत न्हाई. समोर येतो त्यो दुसरा ग्लास. त्या दिशी म्या त्याला हात लावला नसता, सरळ सांगितलं असतं, भीमा, एकच प्यालाय, आजून झालं न्हाई, कागुद सही करू नगं, संडेला जा त्या पोराबरुबर, तर? तर कदाचित त्याचं हितं काय तरी झालं असतं. मला त्याचं तोंड बगवलं न्हाई म्हनून म्या त्याला खोटं पानी दाखवलं. माझ्याच जिवाला बरं वाटावं म्हनून, दुसरं काय.

आता शाळंला सुट्टी लागंल, मला दोन म्हैन्यांची रजा हाय. इन्शाल्ला, पुढल्या गुरुवारी जातोय. काल सुनंदाला फोन केला, वयनी म्हनत न्हाई मी तिला, सूनबाई म्हनतो, भीमा ल्हान हाय न्हवं माझ्याहून. म्हनलं, सूनबाई, मी येतोय, भीमाला बगायला येतो. रडली न्हाई, भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. मंग म्हनली, या की दादा, तुमचंच घर हाय. बसा, त्यांच्याशी बोला, जेवूनबी जावा. पन तेवढं पानी मागू नका. आमच्या घरचं पानी आता आमी कुनाला देत न्हाई.

तर मी जानार हाय. पैल्याच दिशी जानार, पिशवी घरात टाकून सरळ जानार. भीमाला सांगनार, दुसरा ग्लास माझा न्हवता, चूक माझी. सांगनार, की पोरगी जितकं शिकंल तितकं आमी आठ जनं बगतो, आठाचे चार झाले तरी, मी एकटा राह्यलो तरी. आन् मंग तात्या बसला त्याच उंबऱ्यात बसनार. उनाचं दिस हायत, घसा वाळंल, वाळू दे. मागनार न्हाई. ती आपल्या हातानं देईस्तवर तितनं उठनारबी न्हाई.